बारावा किल्ला आणि भागानगरचे वचन

२०२५च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग ही नावे मराठी घरातल्या मुलाला कोणी शिकवावी लागत नाहीत. बारावा मात्र तमिळनाडूत आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन टेकड्यांना तटबंदीने एकत्र बांधणारी जिंजी बंगालच्या उपसागरापासून फार दूर नाही. रायगडाहून मात्र ती शेकडो कोस दूर आहे. यादी जाहीर झाली तेव्हा आम्हांसही सर्वांसारखाच आनंद झाला. आनंद ओसरल्यावर मनात राहिला तो एक साधा प्रश्न: हा बारावा किल्ला मराठ्यांचा झाला तो कोणत्या अधिकाराने?

तो कसा झाला, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. कोणत्या अधिकाराने झाला, हे बहुधा सांगत नाहीत. ह्या मोहिमेला आपण 'दक्षिण दिग्विजय' म्हणतो, आणि एवढे भारदस्त नाव दिल्यावर अधिकाराचा प्रश्न विचारावासाच वाटत नाही. दिग्विजयात दिशा जिंकायच्या असतात. त्या दिशेला कोणी राहत असते, त्याचेही काही म्हणणे असू शकते, ही गोष्ट त्या शब्दाच्या पोटात मावत नाही.

हा प्रश्न पुण्यात किंवा साताऱ्यात विचारला तर तो आगंतुक वाटेल. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाने तो विचारला तर तसे वाटू नये, कारण जिंजीची वाट ह्याच गावातून गेली, आणि जाताना येथे एक वचन देऊन गेली. पिढ्यान्पिढ्या येथे राहिलेली आमची घराणी त्या वचनाच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. वचन देणारा आमचा राजा होता. ज्याला ते दिले त्याच्या नगरात आम्ही नांदतो.

प्रथम घडलेली हकीकत थोडक्यात सांगतो. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. त्याला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, म्हणजे १६७७च्या आरंभी, शिवाजी महाराज मोठे सैन्य घेऊन भागानगरास आले. गोवळकोंड्याच्या गादीवर अबुल हसन कुतुबशहा, म्हणजे लोकांच्या तोंडचा तानाशहा, होता. कारभार मादण्णा आणि त्याचा भाऊ आकण्णा ह्यांच्या हाती होता. मराठ्यांचे वकील प्रल्हाद निराजी दरबारी होते आणि भेटीची तयारी त्यांनी केली होती. सभासद सांगतो की कुतुबशहाने सामोरे येण्याची इच्छा कळवली तेव्हा महाराजांनी, आपण वडील भाऊ, आपण येऊ नये, असा निरोप पाठवला. सैन्याला ताकीद होती की रयतेच्या काडीलाही हात लावू नये. जे हवे ते दाम देऊन घ्यावे. शहर शृंगारले होते. दादमहालात भेट झाली. तो महाल आज नाही. पण चारमिनाराच्या उत्तरेला फिरताना, येथेच कोठेतरी ते दोघे शेजारी बसले असतील, असा विचार ज्याच्या मनात आला नाही असा हैदराबादी मराठी माणूस विरळा. येसाजी कंकाची हत्तीशी झुंज ही पुढची दंतकथा. ती आम्ही मुलांना सांगतो, सांगावीही, पण येथे तिचे काम नाही.

येथे काम आहे ते कराराचे. कुतुबशहाने मोहिमेच्या खर्चासाठी रोज तीन हजार होन द्यावेत, तोफखाना आणि फौज द्यावी. आणि कर्नाटकातला जो मुलूख हाती येईल त्यातला शहाजी महाराजांच्या जहागिरीचा नसेल तो कुतुबशहाला मिळावा, असे ठरले. महाराज सुमारे महिनाभर येथे राहिले आणि दक्षिणेकडे निघाले.

पुढची चाल वेगवान आहे. कृष्णा ओलांडली, श्रीशैलाचे दर्शन घेतले. मे महिन्यात सैन्य चेन्नपट्टणाच्या, म्हणजे मद्रासच्या, जवळ आले. तेथील इंग्रज कोठी गोवळकोंड्याच्या हद्दीत होती आणि कुतुबशहाला खंड भरत होती, म्हणून दोस्ताच्या प्रजेला जसे वागवावे तसे तिला वागवले गेले; महाराजांनी तिच्याकडून काही औषधे आणि विषावरचे उतारे मागवले आणि भेदरलेल्या इंग्रजांनी ते किंमत न घेता पाठवून दिले. त्याच महिन्यात विजापूरकरांची जिंजी हाती आली. लढाईपेक्षा बोलणी आणि देणीघेणी ह्यांनीच ती आली. वेल्लोरचा वेढा मात्र लांबला. तो किल्ला १६७८मध्ये पडला. वलिकंडपुरमचा विजापुरी सुभेदार शेरखान लोदी ह्याचा जूनच्या अखेरीस पराभव झाला आणि कडलूर, परंगीपेट्टई ह्या बंदरांपर्यंतचा किनारा मोकळा झाला. पुदुच्चेरीत नुकताच बस्तान बसवू लागलेला फ्रेंच फ्रान्स्वा मार्तँ आपला वकील पाठवून अभय मागू लागला आणि ते त्याला मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग बांधणाऱ्या राज्याने अशा रीतीने दुसरा समुद्र पाहिला. अभिषेकाला तीन वर्षे झालेल्या राज्याची सीमा काही महिन्यांत कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळ येऊन ठेपली.

आता अधिकाराचे. महाराजांनी स्वतः जो अधिकार सांगितला तो घरच्या वाटणीचा होता. शहाजी महाराज जानेवारी १६६४मध्ये वारले. त्यांची कर्नाटकातली दौलत धाकटे, सावत्र बंधू व्यंकोजी राजे ह्यांच्याकडे राहिली. त्यांनी पुढे तंजावरही घेतले. तेरा वर्षे तुम्ही एकट्याने वडिलांचे उत्पन्न खाल्ले, आता आमचा अर्धा वाटा द्या, असा महाराजांच्या मागणीचा आशय होता. जुलैमध्ये कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीस दोघे भाऊ भेटले. बोलणी फिसकटली आणि एका रात्री व्यंकोजी राजे मोजकी माणसे घेऊन नदी उतरून तंजावरला निघून गेले. त्यांचा पाठलाग झाला नाही. नदीच्या उत्तरेचा मुलूख घेतला गेला, दक्षिणेचा राहू दिला गेला. नोव्हेंबरात पुन्हा लढाई झाली, मग तह झाला, आणि तहात बंगळूर व आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई ह्यांना चोळीबांगडीसाठी दिला गेला. राजकारणाच्या दस्तऐवजात 'चोळीबांगडी' हा शब्द यावा ह्यावरूनच ध्यानात येते की ही सगळी भाषा माजघरातली आहे. भाऊ, वाटा, वडिलांचे मिळकतीचे, वहिनीचे स्त्रीधन. एका किनाऱ्याचे भवितव्य ह्या शब्दांत ठरले.

ह्या भाषेला शास्त्राचा आधार आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे. आणि योगायोग असा की ते शास्त्र आपल्याच परिसरातले आहे. वारसाहक्काचा जो ग्रंथ देशाच्या बहुतेक भागांत प्रमाण मानला गेला ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती कल्याणीच्या चालुक्य दरबारात लिहिली गेली. म्हणजे आजच्या बसवकल्याणात, जे आमच्या वडीलमंडळींच्या आठवणीत हैदराबाद संस्थानातच होते. मिताक्षरेप्रमाणे वडिलांच्या मागे भावांना समान वाटा आहे, ह्यात शंका नाही. पण तो वाटा कशात? घरात, शेतात, द्रव्यात. शहाजी महाराजांकडे बंगळूर-कोलारचा जो मुलूख होता तो विजापूरच्या बादशहाने चाकरीपोटी लावून दिलेला होता. जहागीर म्हणजे वतन नव्हे. चाकरी आहे तोवर ती आहे. आणि गंमत अशी, गंमत म्हणावी की पेच म्हणावा, की हा भेद सर्वांत कठोरपणे पाळणारा राजा हिंदुस्थानात त्या काळी एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः शिवाजी महाराज. आपल्या राज्यात सरदारांना मुलूख तोडून द्यायचा नाही, रोख वेतन द्यायचे, बापानंतर मुलाने बापाचा महाल आपला म्हणायचा नाही, ही त्यांची शिस्त. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी सावधगिरी आहे ती ह्याच शिस्तीतून आली. सह्याद्रीत ज्या तत्त्वाला थारा नाही, ते तत्त्व कोळ्ळिडमच्या तीरावर भावापुढे मांडले गेले.

याच्याही खाली एक पायरी उतरता येते. मीमांसकांनी फार पूर्वी एक प्रश्न घातला होता: विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते, मग सार्वभौम राजाने यज्ञ केला तर त्याने आपली भूमी दान करावी काय? जैमिनीचे आणि शबराचे उत्तर नकाराचे आहे. भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाला तिच्या रक्षणाचा आणि रक्षणाबद्दल मिळणाऱ्या भागाचा अधिकार आहे, मालकीचा नाही. हाच विचार सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी व्यवहारमयूखात जिंकलेल्या मुलखाला लावला. जेत्या राजाला, पराभूत राजाची जी खासगी घरेदारे असतील तेवढ्यांचीच मालकी मिळते. बाकी सगळ्या मुलखावर त्याला मिळतो तो कर घेण्याचा अधिकार, कारण पराभूत राजाकडेही तेवढाच होता. महामहोपाध्याय काणे ह्यांनी संपादिलेल्या ह्या ग्रंथाचे कर्ते मूळच्या पैठणच्या, काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातले. त्याच घराण्यातले गागाभट्ट रायगडावर येऊन अभिषेक करून गेले. म्हणजे ज्या कुळाने महाराजांच्या मस्तकावर छत्र धरले, त्याच कुळातल्या पंडिताने लिहून ठेवले होते की मुलूख जिंकल्याने मुलूख मालकीचा होत नाही.

मग भावाकडे अर्धा वाटा मागायचा तो कशाचा? मालकी कोणाचीच नसेल तर ती वडिलांचीही नव्हती. त्यांच्याकडे होते ते रक्षणाचे काम आणि त्याचा मोबदला. असा विचार केला की महाराजांची मागणी पोकळ ठरत नाही, पण तिचा अर्थ बदलतो. 'वडिलांच्या मिळकतीतला माझा भाग' असे म्हणण्याऐवजी 'वडील ज्यांचे रक्षण करीत होते त्यांच्या रक्षणात माझा भाग' असे म्हणावे लागते. व्यंकोजींना लिहिलेल्या पत्रांत हा दुसरा सूरही आहे, आणि आमच्या मते तोच खरा आहे. विजापूरच्या चाकरीत राहू नका, पराक्रम करा. पुढे व्यंकोजी खचून वैराग्याच्या गोष्टी बोलू लागले तेव्हा, हे दिवस वैराग्याचे नव्हेत, असे थोरल्या भावाने धाकट्याला खडसावले. तेथे वाट्याचा हिशेब नाही. महाराजांनी तिरुमळवाडीस ह्या पत्रांतली भाषा बोलायला हवी होती, असे आम्हांस वाटते. अर्थात तीनशे वर्षांनंतर वाटणे फार सोपे असते.

भावाचे झाले. आता दोस्ताचे, म्हणजे आपल्या गावाचे.

जिंजी विजापूरकरांची होती. भागानगरच्या कराराप्रमाणे, शहाजी महाराजांच्या जहागिरीतला जो मुलूख नव्हे तो कुतुबशहाचा. जिंजी त्याला मिळाली नाही, वेल्लोरही नाही. ज्या मोहिमेचा खर्च गोवळकोंड्याच्या खजिन्यातून सुरू झाला, तिचे मुख्य फळ मराठ्यांच्या हाती राहिले. मराठी इतिहासलेखनात ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते, आणि तीही काहीशी कौतुकाने. राजकारणात असे चालायचेच, कुतुबशहा काय धर्मात्मा होता, त्याने तरी कर्नाटक कोठून मिळवले होते, मीर जुमल्याच्या तरवारीनेच ना, इत्यादी. हे सगळे खरे आहे. कुतुबशहाचा त्या मुलखावरचा हक्क महाराजांच्या हक्काहून काडीइतकाही श्रेष्ठ नव्हता. पण समोरच्याचा हक्क कमजोर असला म्हणून त्याला दिलेला शब्द कमजोर होत नाही. चोरीच्या मालाच्या वाटणीतही एकाने दुसऱ्याला दिलेला शब्द पाळावा की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्रातले पोरखेळाचे कोडे वाटते. राज्ये मात्र ह्याच कोड्यावर उभी राहतात.

एक बाजू नमूद करायलाच हवी. शब्द मोडूनही मैत्री मोडली नाही. मोगल हा दोघांचा शत्रू आहे हे मादण्णाला कळत होते आणि त्याने नुकसान गिळले. मादण्णा आणि आकण्णा १६८६मध्ये मारले गेले, १६८७च्या सप्टेंबरात गोवळकोंडा औरंगजेबाने घेतला. जिंजी कुतुबशहाला दिली असती तर ती त्याच्याबरोबरच मोगलांकडे गेली असती.

आणि येथेच सगळ्यांत बळकट वाटणारा युक्तिवाद पुढे येतो. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १९०० साली 'मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष' लिहिताना जिंजीकडे दूरदृष्टीची दक्षिणेकडची संरक्षणरेषा म्हणून पाहिले. जदुनाथ सरकारांना त्या मोहिमेमागे मुख्यतः खजिन्याची निकड दिसली. मराठी वाचक स्वाभाविकपणे रानड्यांच्या बाजूला झुकतो, कारण पुढचा इतिहास त्यांना साक्ष देतो. १६८९मध्ये संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराज वेष पालटून दक्षिणेकडे निघाले आणि जिंजीस पोहोचले. झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षे चालला. १६९८ उजाडेपर्यंत किल्ला टिकला. जिंजी नसती तर राज्य नसते, हे म्हणणे फारसे अतिशयोक्त नाही. आपल्याच सेतु माधवराव पगडींनी, ज्यांची उमेदीची वर्षे निजामाच्या नोकरीत गेली, फारसी साधने मराठीत आणून ह्या काळाची मोगली बाजू आपल्यापुढे ठेवली. ती वाचताना त्या वेढ्याने मोगलांना किती शिणवले हे उमगते. सभासदाने आपली बखर १६९७मध्ये लिहिली तीही जिंजीतच, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. शिवचरित्राचा पहिला मराठी आधार त्या तमिळ टेकड्यांवर जन्मला. भागानगरच्या शृंगारलेल्या रस्त्यांचे वर्णन आपण वाचतो ते वेढ्याच्या छायेत बसून आठवलेले आहे. तो लिहीत होता तेव्हा कुतुबशाही संपून दहा वर्षे झाली होती.

हा सगळा उपयोग मान्य करूनही आमची शंका फिटत नाही. पुढे उपयोगी पडले म्हणून मागचे कृत्य न्याय्य ठरते काय? १६७७मध्ये १६८९ कोणाला ठाऊक होते? आणि उपयोग हाच निकष धरला तर मग तो सर्वांनाच लागू करावा लागेल. नव्या राज्याला टिकण्यासाठी जागा हवी, समुद्र हवा, मागे हटायला किल्ला हवा, हे म्हणणे मराठ्यांचे होते तसे मोगलांचे होते आणि कडलूरच्या किनाऱ्यावर वखारीसाठी जागा शोधणाऱ्या इंग्रजांचेही होते. स्वसंरक्षणाच्या गरजेला कोठे थांबायचे ते कळत नाही. कोळ्ळिडमला ती थांबली, कारण पलीकडे भाऊ होता.

ज्यांच्या मुलखाबद्दल हे सगळे चालले त्यांना काय मिळाले, ह्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. मदुरेच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत मराठी अंमलातल्या वसुलीच्या जाचाचे वर्णन आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे इंग्रज महाराजांना सीझरची उपमा देताना त्यांनी आणलेल्या द्रव्याची गोष्टही विसरत नाहीत. परके लेखक आहेत, त्यांचे हितसंबंध आहेत, हे धरूनही सगळे खोटे म्हणता येणार नाही. कोकणात रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका म्हणणारी ताकीद, भागानगरच्या बाजारात दाम देऊन माल घेणारी शिस्त, कावेरीच्या खोऱ्यात तितकीच कडक राहिली असे आम्हांस वाटत नाही. आपल्या माणसांसाठीची शिस्त, दोस्ताच्या माणसांसाठीची शिस्त, आणि नव्याने हाती आलेल्या माणसांसाठीची शिस्त, ह्यांत जे अंतर राहते त्यावरून मुलूख 'आपला' झाला की नुसता 'आपल्या हातात' आला हे मोजता येते.

पण ह्याच मोहिमेतला एक कागद आहे. १६७७च्या ऑगस्टमध्ये महाराजांनी त्या किनाऱ्यावरच्या डचांना कौल दिला. व्यापाराच्या सवलती दिल्या आणि एक गोष्ट साफ नाकारली: पूर्वीच्या अंमलात तुम्ही येथून स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून विकत घेऊन नेत होतात, हा मुलूख माझ्या हाती आहे तोवर ते चालणार नाही. त्या काळी कोरोमंडल किनाऱ्यावरून गुलामांची जहाजे बटाव्हियाकडे आणि सिंहलद्वीपाकडे जात असत. दुष्काळ पडला की आईबाप पोरे विकीत. तेथे ना मराठी माणूस होता, ना भोसल्यांची वडिलोपार्जित रयत. ज्यांची भाषाही महाराजांना येत नव्हती त्यांच्या पोरांसाठी हे कलम घातले गेले. आमच्या मते कोळ्ळिडमच्या उत्तरेच्या किनाऱ्यावरचा महाराजांचा सर्वांत बळकट दावा हा आहे. वडिलांचा वाटा, दोस्ताचे पैसे, पुढे पडलेला उपयोग, हे सारे दावे त्याच्यापुढे दुबळे आहेत. शबराने म्हटलेले रक्षण ते हेच. आणि दैव असे की दिग्विजयाच्या पोवाड्यांत, व्याख्यानांत, शाळेच्या पुस्तकांत हत्तीची झुंज येते, सोन्याचे होन येतात. हे कलम क्वचितच येते.

ते फार काळ टिकले नाही. टिकू शकेल अशी स्थिती राहिली नाही. वेढ्यात सापडलेल्या जिंजीला पैसा हवा होता, आणि १६९०मध्ये राजाराम महाराजांच्या सरकारने कडलूरजवळचा देवनापट्टणमचा किल्ला इंग्रजांना विकला. हद्द ठरवण्याची रीत विलक्षण होती: किल्ल्यावरून तोफ डागावी, गोळा जेथवर जाईल तेथवरची गावे इंग्रजांची. त्याप्रमाणे वेगवेगळ्या दिशांना तोफ डागली गेली आणि गावे गेली. त्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावे असेच नाव पडले. तेरा वर्षांपूर्वी जो किनारा वडिलांचा वाटा म्हणून मागितला होता तो असा विकला गेला. विकण्यासाठी आधी मालकी हवी. आणि भूमी राजाच्या मालकीची नसते म्हणून ती यज्ञातही देता येत नाही, असे ज्या परंपरेने सांगितले त्याच परंपरेने अभिषेक केलेल्या घराण्याने ती दाम घेऊन दिली. संकटकाळ होता हे आम्ही जाणतो. राजाराम महाराजांच्या जागी कोणीही असता तरी बहुधा त्याने हेच केले असते. फोर्ट सेंट डेव्हिड हे त्या किल्ल्याचे नाव. १७४६मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले तेव्हा इंग्रजांचा कारभार येथूनच चालला, आणि रॉबर्ट क्लाइव्ह बंगालकडे जाण्याआधी ह्याच किल्ल्याचा गव्हर्नर होता.

नदीच्या दोन तीरांची गोष्ट येथे एकमेकींशेजारी ठेवावीशी वाटते. उत्तरेचा, जिंकलेला मुलूख एकवीस वर्षांत गेला. आज जिंजीच्या आसपास मराठी सत्तेच्या खुणा दगडांत आहेत, माणसांत फारशा नाहीत. दक्षिणेचे तंजावर, जे महाराजांनी भावाकडे राहू दिले, ते भोसल्यांकडे १८५५पर्यंत होते. तेथे सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. तेथील राजांनी मराठीत नाटके लिहिली आणि तेलुगूतही, कारण तेलुगू ही त्या दरबाराची आधीपासूनची भाषा होती. मराठी बोलणारी घराणी तेथे आजही आहेत. त्यांची मराठी आपल्याला थोडी जुनी, थोडी तमिळ वळणाची वाटते. आपली हैदराबादी मराठी त्यांना कशी वाटत असेल कोण जाणे. 'हौ' आणि 'नक्को' ऐकून ते हसत असतील.

आमच्या गावाच्या सीमांनी तर ह्या तीनशे वर्षांत किती तऱ्हा केल्या. कुतुबशाहीला मच्छलीपट्टणचे बंदर होते. निजामअलीने १७६६मध्ये उत्तर सरकारे इंग्रजांना दिली आणि समुद्र गेला. १९४८च्या सप्टेंबरात भारत नावाचे एक वर्षाचे राष्ट्र आपली सीमा येथवर घेऊन आले; तेव्हाही ती कोणत्या अधिकाराने, ह्याची उत्तरे वेगवेगळ्या मोहल्ल्यांत वेगवेगळी होती, आणि सुलतानबाजारचे उत्तर चारमिनारच्या उत्तराशी जुळत नव्हते. आमच्या घरांत त्या दिवशी आनंद झाला. पुढच्या काही आठवड्यांत मराठवाड्यातल्या गावांतून ज्या बातम्या आल्या त्यांविषयी मात्र आमच्या घरांत कमी बोलले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार वाटणी झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात जाऊन त्याच्या राज्याला पुन्हा समुद्र मिळाला. २ जून २०१४ रोजी तोही परत गेला. ह्या साऱ्या उलथापालथीत काचीगुड्याची, इसामिया बाजाराची मराठी घराणी जेथल्या तेथे होती. १९०७पासूनची विवेकवर्धिनी जेथल्या तेथे होती. १९५६मध्ये आमच्यापैकी कित्येकांचे अर्धे घर सीमेपलीकडे गेले, शेती नांदेड-परभणीकडे आणि नोकरी येथे, आणि त्यांनी दोहोंचा हिशेब भावाभावांत बसून केला. थोरल्याने शेती ठेवली, धाकट्याने येथले घर, आणि पुढे दिवाळीला दोन्हीकडून डबे येत-जात राहिले.